खेळणा किल्ल्याची वाट

सेनापती आजारी होता. रक्ती आवेने तो इतका जर्जर झाला होता की तळ कुठे पडतोय, पहारे कोण लावतंय, मागची तुकडी पुढच्यांना येऊन मिळाली की नाही, यातलं काहीही पाहण्याचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. चालून चालून फौजही मोडून गेली होती. रान एवढं दाट, की दोन राहुट्या शेजारी शेजारी ठोकायला जागा मिळेना. ज्याला जिथे पाठ टेकता आली तिथे तो आडवा झाला. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला खाडीचं पाणी. आणि ज्याच्या भरवशावर एवढे लोक इथवर आले होते तो शिर्के या पांगापांगीत तळावरून नाहीसा झाला होता.

ही 1453 सालची गोष्ट. बीदरच्या तख्तावर बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहा होता. सेनापतीचं नाव खलफ हसन बसरी आणि त्याची पदवी मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख. फौज निघाली होती खेळणा किल्ल्यावर. तोच आपल्या शाहूवाडी तालुक्यातला विशाळगड. कोल्हापुरात विशाळगड म्हटलं की 1660 ची ती पावसाळी रात्र, पावनखिंड आणि बाजीप्रभू आठवतात. त्यात गैर काही नाही. पण त्याच्याही दोनशे वर्षं आधी या रानाने एक अख्खी फौज गिळली होती, आणि ती हकिगत आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

बहमनी राज्याला 1453 साली शंभरावर वर्षं झाली होती. दाभोळ आणि चौल या बंदरांत अरबस्तान-इराणचे घोडे उतरत आणि घाट चढून देशावर येत. घोडा हा त्या काळच्या लढाईचा प्राण होता, त्यामुळे बंदर ते बीदर ही वाट सुलतानाला मोकळी हवी होती. पण बंदर त्याचं आणि पठार त्याचं असलं, तरी मधला सह्याद्री त्याचा नव्हता. घाटमाथ्यावर आणि तळकोकणात मोरे, शिर्के अशी मराठा घराणी आपापले गड आणि खिंडी धरून होती. खेळण्याचा धनी शंकरराय. मराठी परंपरा त्याला शंकरराव मोरे म्हणते. त्याच्या पदरी तीनशे गलबतं होती आणि समुद्रावरून जाणारे व्यापारी व यात्रेकरू ती लुटत, असं फिरिश्ता लिहितो.

बीदरहून पाहिलं तर हे लुटारू होते. खेळण्यावरून पाहिलं तर, आपल्या पायथ्याची खाडी आणि आपल्या डोक्यावरची खिंड यांतून जाणाऱ्याने आपल्याला काही देऊन जावं, यात त्यांना वावगं वाटलं नसणार. त्यांची बाजू सांगणारा एक कागद मागे राहिलेला नाही. सगळी हकिगत येते ती फारसी तवारिखांतून, मुख्यतः फिरिश्ताच्या लेखणीतून. तो या घटनेनंतर दीडशे वर्षांनी, विजापुरात इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला राहून लिहीत होता. मूळचा इराणकडचा. मेलेल्या परदेशी सरदारांबद्दल त्याला आपलेपणा होता आणि दखनी सरदारांबद्दल राग. तो वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

खलफ हसन काही कच्चा सेनापती नव्हता. बसऱ्याचा हा व्यापारी 1422 साली अहमदशहा वलीच्या पाठीशी उभा राहिला, त्याला तख्त मिळवून दिलं आणि त्या बदल्यात मानाची पदवी मिळवली. माहीमच्या बाजूला गुजरातच्या फौजेपुढे त्याने हार खाल्ली होती, तसा रोहिणखेडला खानदेशच्या नासिरखानाचा धुव्वाही उडवला होता. कोकणच्या मोहिमेवर त्याला धाडलं ते सात हजार दखनी पायदळ, तीन हजार अरब स्वार आणि त्याची स्वतःची तुकडी देऊन. त्याने चाकणला ठाणं केलं, किल्ला बांधला, तिथून तुकड्या पाठवून कोकणातले लहानसहान राजे एकेक करून नमवले. मग जातीने उतरून शिर्क्यांच्या गडाला वेढा घातला आणि शिर्क्याला कुटुंबासकट पकडलं.

पुढचा प्रसंग फिरिश्ताने तपशिलाने सांगितला आहे. सेनापतीने शिर्क्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या, मुसलमान हो किंवा मर. शिर्क्याने मान खाली घातली आणि नम्रपणे एक अडचण मांडली. खेळण्याच्या शंकररायाशी माझं वैर आहे. मी धर्म बदलला आणि तो तसाच गादीवर राहिला, तर तो मला भावकीत तोंड दाखवू देणार नाही, माझी माणसं माझ्याविरुद्ध उठवील. तेव्हा आधी त्याचा बंदोबस्त करा, त्याचा मुलूख मला द्या किंवा तुमच्या एखाद्या सरदाराला द्या. मग मी तुमच्या धर्मात येतो, दरसाल खंडणीही भरतो. सेनापती म्हणाला, तिकडची वाट फार अवघड आहे म्हणतात, नुसतं रान आणि खिंडी. त्यावर शिर्क्याने आपण स्वतः वाट दाखवायचं कबूल केलं. विश्वासाचा माणूस पुढे असल्यावर फौजेच्या केसाला धक्का लागणार नाही, अशी हमी दिली.

फिरिश्ताने आणि त्याच्यामागून अनेकांनी याला शिर्क्याचा दगा म्हटलं आहे. मला ते पटत नाही. दगा द्यायला आधी विश्वासाचं नातं लागतं. बायकापोरं कैदेत आणि मानेवर तलवार अशा अवस्थेत दिलेला शब्द पाळायचं बंधन कोणत्या धर्माने घातलं आहे? शिर्क्याकडे फौज नव्हती, गड गेला होता. हातात उरलं होतं ते फक्त रानाचं ज्ञान, आणि त्याने ते वापरलं.

मोहीम सुरू होतानाच फौजेत फूट पडली. दखनी आणि हबशी सरदारांतल्या बहुतेकांनी रानात शिरायला नकार दिला आणि ते मागेच राहिले. फिरिश्ता याला हरामखोरी समजतो. पण ही माणसं दोन-चार पिढ्या याच मुलखात वाढलेली. घाटात हजारो माणसांनी एका रांगेत जायचं म्हणजे काय, हे त्यांना बसऱ्याहून किंवा नजफहून आलेल्यांपेक्षा जास्त कळत होतं. दरबारात दखनी आणि परदेशी, म्हणजे आफाकी, असे दोन तट होतेच. तिथलं वैर चाकणच्या छावणीतही होतं. त्यामुळे जाणत्यांचा सल्ला भित्र्यांचा सल्ला ठरला.

पहिले दोन दिवस शिर्क्याने फौज चांगल्या रुंद वाटेने नेली. लोक त्याचं कौतुक करू लागले. तिसऱ्या दिवशी त्याने वाट सोडली. इथे फिरिश्ता वर्णनात रमतो. दऱ्यांत ऊन कधी पोचत नाही, गवताची पाती विषारी, वारासुद्धा विषारी, कडे असे की राक्षसांनी दचकावं. फारसी इतिहासकाराची ही अतिशयोक्ती म्हणून सोडून द्यावी, तर आंबा ते विशाळगड हा पट्टा पावसाळ्यात एकदा पायी तुडवलेल्या माणसाला ती फारशी अतिशयोक्ती वाटत नाही. वर अंजन आणि जांभळाची छत्री, त्यातून लोंबणारे गारंबीचे जाडजूड वेल, खाली माणसाच्या डोक्यावर गेलेली कारवी. दहा पावलांवरचा गडी दिसत नाही. पायात जळवा चढतात त्या रक्त दिसल्यावरच कळतात. सड्यावर आलं की दिशा समजते असं वाटतं, तोवर धुकं उतरतं आणि तेही जातं. घोडा इथे उपयोगाचा नाही, त्याला हाताने ओढत न्यावं लागतं. चिलखत घातलेल्या माणसाचं काय होत असेल, याची कल्पनाच करावी.

ती जागा नेमकी कोणती, याचं गावाचं नाव फिरिश्ता देत नाही. तीन बाजूंना डोंगर आणि एका बाजूला खाडी या त्याच्या वर्णनावरून फौज घाटाखाली, खेळणा आणि संगमेश्वर यांच्या दरम्यानच्या खोऱ्यांत कुठेतरी अडकली असावी असं मला वाटतं, कारण घाटमाथ्यावर खाडी नाही. पुढे जायला वाट नव्हती, मागे फिरायला कुणाला वाट ठाऊक नव्हती. शिर्क्याने शंकररायाला निरोप धाडला, की सावज जाळ्यात आणून सोडलं आहे.

मध्यरात्री डोंगरातून माणसं उतरली. शिर्केच त्यांच्या पुढे होता. त्या रात्री वारा सुटला होता आणि झाडांच्या सळसळीत एका ओढ्यातल्या माणसांच्या किंकाळ्या पलीकडच्या ओढ्यातल्यांना ऐकू गेल्या नाहीत, हा फिरिश्ताच्या हकिगतीतला तपशील मला सर्वांत खरा वाटतो. असं काही कल्पनेने सुचत नाही. त्या काळोखातून जगून वाचलेल्या कुणीतरी ते सांगितलं असलं पाहिजे. लढाई अशी झालीच नाही. माणसं झोपेत आणि एकएकटी मारली गेली. फिरिश्ता सात हजारांच्या आसपास आकडा देतो. मलिक-उत्-तुज्जार मारला गेला, त्याच्याबरोबर मदिना, करबला आणि नजफहून आलेले पाचशे सय्यद गेले. उजाडायच्या आत शंकररायाची माणसं निघूनही गेली होती.

अशा हकिगती जगात इतरत्रही आहेत. पोलंड हे नाव कोल्हापूरला परकं नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यातले बहुतेक बायका आणि मुलं, वळिवड्याच्या छावणीत आपल्या शेजारी राहिले. त्यांच्या देशाच्या जुन्या इतिहासात खेळण्यासारखंच एक पान आहे. बाल्टिक समुद्राच्या दक्षिणेला दलदली आणि अरण्यांत प्रुशियन नावाच्या टोळ्या राहत. त्या पोलिश गावांवर धाडी घालत आणि पुन्हा रानात गडप होत. पोलंडचा राजपुत्र चौथा बोलेस्लाव याने त्यांना नमवून ख्रिस्ती व्हायला लावलं. फौज मागे फिरताच ते पुन्हा आपल्या देवांकडे गेले. 1166 साली तो मोठी फौज घेऊन पुन्हा गेला. तिथल्याच वाटाड्यांनी जवळची वाट दाखवतो म्हणून फौज एका अरुंद चिंचोळ्या जागेतून दलदलीत नेली आणि दबा धरून बसलेल्यांनी तिची कत्तल केली. बोलेस्लावचा भाऊ, सांदोमिएझचा हेन्रिक, तिथेच पडला. हे लिहून ठेवलं विन्सेंट काद्वुबेक या पाद्र्याने, जो पुढे क्राकोवचा बिशप झाला. तोही फिरिश्तासारखाच वाटाड्यांवर दात खातो, त्यांनी लाच खाल्ली म्हणतो. प्रुशियनांची बाजूही कुणी लिहून ठेवली नाही. धर्म बदलायची सक्ती, मोडलेला शब्द, फितूर म्हणून बदनाम झालेला वाटाड्या, हे सगळं दोन्हीकडे इतकं सारखं आहे की दोन्ही इतिहासकारांची तक्रारसुद्धा एकच आहे.

आपल्याकडे मात्र कत्तल त्या रानात संपली नाही. वाचलेले परदेशी कसेबसे बाहेर पडले, मागे राहिलेल्या दखनी सरदारांना गाठलं आणि तुम्ही आम्हाला मरायला सोडलंत म्हणून त्यांना फैलावर घेऊन चाकणला गेले. दखनी सरदारांनी त्यांच्या आधीच सुलतानाला पत्रं लिहिली, की हे लोक बंडाच्या तयारीत आहेत. बीदरहून फौज आली. चाकणच्या किल्ल्यात परदेश्यांना अभय देऊन मेजवानीला बोलावण्यात आलं आणि जेवणाच्या पंगतीतच त्यांची कत्तल झाली. फिरिश्ताच्या मते बाराशे सय्यद आणि हजारभर इतर लोक त्यात मेले. कासीम बेग नावाचा सरदार काही साथीदारांनिशी निसटला आणि त्याने सुलतानापर्यंत खरी हकिगत पोचवली, तेव्हा मग दखनी सरदारांना शिक्षा झाल्या. खेळण्याच्या रानात शत्रूने मारलं ते लढाईचं मरण म्हणता येईल. चाकणला मारले ते आपल्याच राज्याच्या चाकरीतले लोक, अन्नावर बसवून. बहमनी राज्य पुढे ज्या भांडणाने फुटलं त्याची जखम इथे उघडी पडली.

याच सुमाराला, 1453 मध्ये, दाभोळ बंदरात गिलानहून आलेला चाळिशीतला एक व्यापारी उतरला. महमूद गावान त्याचं नाव. तो बीदरला गेला, दरबारात चढत गेला आणि पुढे त्यालाही मलिक-उत्-तुज्जार हीच पदवी मिळाली. मेलेल्या खलफ हसनचा सूड घ्यायचं काम जवळजवळ सोळा वर्षांनी त्याच्याकडे आलं, आणि ते त्याने ज्या रीतीने केलं ती मला फिरिश्ताच्या सगळ्या रात्रीच्या वर्णनापेक्षा जास्त अभ्यास करण्याजोगी वाटते.

1469 साली निघालेल्या गावानने कोल्हापूर हा मोहिमेचा तळ केला. चाकण आणि दाभोळकडच्या फौजाही येऊन मिळाल्या. घोडदळ डोंगरात कुचकामी म्हणून त्याने आणलेले बरेच स्वार परत पाठवून दिले. मग वाटाड्या शोधत बसण्याऐवजी त्याने कुऱ्हाडी चालवल्या. रान तोडत, जाळत, वाट मोकळी करत फौज पुढे सरकली. खलफ हसनला तीन दिवस लागले होते, याला महिने लागले. पाच महिने खेळण्याला वेढा पडला तरी गड हलेना, आणि तेवढ्यात पाऊस आला.

इथेच गावानचं शहाणपण दिसतं. पावसाळ्यात रानात थांबायचं नाही आणि बीदरलाही परतायचं नाही. त्याने इथल्या हवेला सरावलेलं दहा हजार पायदळ खिंडी धरून ठेवायला मागे ठेवलं आणि उरलेली फौज घेऊन तो कोल्हापूरला आला. इथे गवताने शाकारलेल्या झोपड्या उभारून त्याने पावसाळा काढला. बहमनी सल्तनतीचा कारभार ज्याच्या हाती, तो माणूस एक पावसाळाभर कोल्हापुरात गवती छपराखाली बसून घाटाकडचे ढग मोजत होता, ही गोष्ट आपल्या शहराच्या इतिहासात ठळकपणे असायला हवी. या मोहिमेतली त्याची पत्रं आज उपलब्ध आहेत. दरबारात पाठीमागे आपल्याविरुद्ध काय शिजतंय, याची चिंता त्यांत वारंवार येते.

पाऊस सरल्यावर तो पुन्हा घाटात गेला. शेवटी खेळणा पडला तो तोफेने नव्हे, पैशाने आणि युक्तीने. गडावरची माणसं फोडून त्याने किल्ला घेतला. नंतर संगमेश्वरचा मुलूख घेतला, आणि 1472 च्या फेब्रुवारीत विजयनगरकडचं गोवा बंदर. खलफ हसनचा पुरेपूर बदला घेतला, असं फिरिश्ता समाधानाने नोंदवतो.

या विजयाला एक अनपेक्षित साक्षीदार आहे. त्वेर गावचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन त्याच वर्षांत चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला पोचला होता. मलिक-उत्-तुज्जारने समुद्रावर लूट करणारी दोन शहरं घेतली, सात राजे पकडले, हिरे-माणकांचं ओझं आणलं, हे त्याने आपल्या वहीत टिपलं आहे. तो फौज दोन लाखांची सांगतो. बाजारात ऐकलेला हा आकडा असणार, पण त्यावरून खेळण्याच्या मोहिमेचा बीदरच्या बाजारात केवढा बोलबाला होता ते कळतं. निकितिन घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वारला. ते शहर त्या काळी लिथुएनियाच्या राज्यात होतं.

गावानला 1481 साली खोट्या पत्राच्या आरोपावरून सुलतानाने ठार केलं. खलफ हसनच्या लोकांचा घात चाकणला ज्या तटबाजीने केला तीच इथेही होती. थोड्या वर्षांत बहमनी राज्याचे तुकडे झाले.

वाट ज्याच्या हाती रान त्याचं, हा कायदा मात्र पुढेही तोच राहिला. जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज भर पावसात पन्हाळ्याहून निघून खेळण्याला पोचले, ते बांदलांच्या मावळ्यांनी पाठलागाची वाट रोखून धरली म्हणून. गडाच्या पायथ्याशी सुर्वे आणि दळवी वेढा घालून बसले होते, तोही फोडावा लागला. गडाला विशाळगड हे नाव महाराजांनी दिलं. 1689 च्या फेब्रुवारीत हाच कायदा आपल्या विरुद्ध फिरला. संभाजी महाराज खेळण्याहून संगमेश्वरला आले होते. मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापुरात होता. हेरांनी आणलेल्या बातमीवर तो निवडक स्वारांनिशी झपाट्याने घाट उतरला. हे अंतर एवढ्या वेगाने कुणी कापील, असं संगमेश्वरात कुणाला वाटलं नव्हतं. खलफ हसनची फौज ज्या डोंगरांत वाट चुकून मेली, तेच डोंगर या खानाने वाट न चुकता ओलांडले, आणि मराठी राज्याने आपला छत्रपती गमावला.

खेळण्यावर तिसरा चालून आला तो खुद्द औरंगजेब. 1701 च्या अखेरीस त्याने विशाळगडाला मोर्चे लावले. त्याचा सरदार फतेउल्लाखान याने आंबा घाटातून वाट काढायला बेलदार आणि कुऱ्हाडवाले लावले, म्हणजे गावानचीच पद्धत. सहा महिने झुंजून किल्ला हाती आला तो 1702 च्या जूनमध्ये, गड लढवणाऱ्या परशुरामपंत प्रतिनिधींना दोन लाख रुपये मोजून, म्हणजे तीही गावानचीच पद्धत. फक्त पावसाळ्याचा हिशोब बादशहाने गावानसारखा केला नाही. गड घेतल्यावर त्याने ऐन आषाढात परतीची वाट धरली. ओढे फुगले, उंट चिखलात बसले ते उठले नाहीत, हत्ती रुतले, ओझी लोकांच्या पाठीवर आली, धान्य मिळेनासं झालं. विशाळगड ते पन्हाळा हे अंतर तीस मैलांचं. फौजेला त्याला अडतीस दिवस लागले. बादशहा पन्हाळ्याला पोचला तेव्हा जुलै अर्धा उलटला होता.